दरोड्यानंतरची सकाळ

तापीच्या काठी सारंगखेड्याला दत्तजयंतीची यात्रा भरते, तेव्हा दूरदूरच्या प्रांतांतून घोडे येतात, घोड्यांमागून सौदागर येतात, आणि काही दिवस सारा गाव अनोळखी माणसांनी फुलून जातो. त्या अनोळखी माणसाचे कोणाला भय वाटत नाही. उलट तो न आला तर यात्रा कसली, असेच गावकरी म्हणतील. मग यात्रा पांगते. कापूस विकून आलेला पैसा शेतकऱ्याच्या घरात असतो, लग्नसराईसाठी घडविलेले दोन दागिने कपाटात असतात, आणि अशा दिवसांत एखाद्या शेतवस्तीवर दरोडा पडल्याची वार्ता कानी आली की तोच परका मनुष्य सर्वांच्या डोळ्यांत खुपू लागतो. कालचा पाहुणा आज संशयित ठरतो.

दरोडा ही साधी चोरी नव्हे. पाच वा अधिक माणसांनी मिळून केलेली जबरी लूट, अशी त्याची कायद्यातील व्याख्या आहे. परंतु ज्या घरावर तो पडतो त्या घराची व्याख्या निराळी असते. गेलेल्या सोन्याची तोळ्यांत मोजदाद होते, पंचनाम्यात ती नोंदविलीही जाते. नोंदविली जात नाही ती झोप. बांधून घातलेला म्हातारा पुढे रात्री दिवा मालवू देत नाही. दार वाजले की घरातली सून आधी मुलांना आतल्या खोलीत लोटते. आणि पिढ्यान्‌पिढ्या शेतात राहिलेले कुटुंब अखेरीस वस्ती सोडून गावात भाड्याच्या खोलीत येते. अशा लोकांना ‘शांतता राखा, तपास चालू आहे’ असे सांगणाऱ्या अधिकाऱ्यांविषयी व पुढाऱ्यांविषयी आम्हांस फारसा आदर वाटत नाही. ज्यांच्या दाराशी बंदूकधारी पहारा असतो, त्यांनी इतरांना धीर धरण्याचा उपदेश करणे शोभत नाही. लोकांचा संताप रास्त आहे, हे आम्ही निःसंदिग्धपणे सांगतो.

प्रश्न आहे तो या संतापातून आपण मागतो काय, हा. दरोड्यानंतरच्या सकाळी बाजारपेठ बंद होते, ठाण्यावर मोर्चा जातो, आणि मागणी एकच असते: आरोपी ताबडतोब पकडा आणि फासावर चढवा. ‘ताबडतोब’ या शब्दावर सारा भर असतो. ‘खरा’ हा शब्द त्या मागणीत सहसा नसतो. तो गृहीतच आहे असे आपण मानतो. तो तसा गृहीत धरता येत नाही, हे नाशिकच्या एका खटल्याने दाखवून दिले आहे. त्या खटल्याची हकीकत सुशिक्षित वाचकाने नीट समजून घ्यावी, अशी आमची विनंती आहे.

जून २००३ मध्ये नाशिकजवळ पेरूच्या बागेतील एका झोपडीवर रात्री दरोडा पडला. लुटीत मिळाले ते सुमारे तीन हजार रुपये आणि थोडे दागिने. त्यासाठी पाच माणसे मारली गेली. घरातल्या आईवर आणि कोवळ्या वयाच्या मुलीवर अत्याचार झाले, आणि ती मुलगी प्राणास मुकली. आई वाचली. पुढे सहा जणांना अटक झाली. हे सहाही भटक्या जमातींतले, मोलमजुरी करणारे. २००६ साली सत्र न्यायालयाने सहाही जणांस फाशी सुनावली; उच्च न्यायालयाने तिघांची शिक्षा जन्मठेपेवर आणली; २००९ साली सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा सर्वांना फाशीच दिली. लोकांच्या लेखी न्याय झाला, आणि प्रकरण विस्मृतीत गेले.

त्याच सर्वोच्च न्यायालयाने फेरविचारात ५ मार्च २०१९ रोजी सहाही जणांची निर्दोष मुक्तता केली. सोळा वर्षे ते कारागृहात होते. त्यांतला एक तर घटनेच्या वेळी अल्पवयीन होता. प्रत्येकास पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आणि तपासात कसूर करणाऱ्या अधिकाऱ्यांवर कारवाई करण्याचा आदेश न्यायालयाने दिला. सोळा वर्षांचे पाच लाख! हिशेब वाचकांनीच करावा. परंतु आम्हांस सर्वांत अस्वस्थ करते ती गोष्ट निराळीच आहे. वाचलेल्या त्या आईने घटनेनंतर पोलिसांच्या दप्तरातील छायाचित्रांवरून चार माणसे ओळखली होती, आणि ती या सहांपैकी नव्हती! त्या चौघांचा धड तपासच झाला नाही. जिने सर्वस्व गमावले तिचीच साक्ष बाजूला पडली. तिच्या नावाने संतापलेल्या समाजाला मात्र त्याचा पत्ताही नव्हता. त्याला सहा चेहरे मिळाले होते आणि त्यावर त्याचे समाधान झाले होते. निरपराध्यांची अर्धी हयात गेली, आणि झोपडीत शिरलेले खरे हात कोणाचे, याचे उत्तर त्या आईला कोणीही दिले नाही.

ते सहा जणच का सापडले? या प्रश्नाची मुळे जुनी आहेत. १८७१ साली ब्रिटिश सरकारने काही जमातींना जन्मानेच गुन्हेगार ठरविणारा कायदा केला, १९११ साली त्याची व्याप्ती देशभर वाढविली, आणि ३१ ऑगस्ट १९५२ रोजी स्वतंत्र भारताने तो रद्द केला. कायदा गेला, ठाण्यातली आणि आपल्या मनातली यादी गेली नाही. वास्तविक खानदेशाला याबाबत अधिक समज असावयास हवी. ज्या भिल्लांना लुटारू म्हणून इंग्रजांनी डोंगरांत हुडकून मारले, त्यांचीच पलटण १८२५ साली औट्रमने उभारली, आणि याच भिल्लांनी पुढे खानदेशचा बंदोबस्त चोख राखला. तरीही आमच्या शेजारच्या साक्री तालुक्यात राईनपाडा येथे १ जुलै २०१८ रोजी, आठवड्याच्या बाजारादिवशी, मंगळवेढ्याकडून भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना मुले पळविणारे समजून जमावाने ठेचून मारले. अफवा भ्रमणध्वनीवरून फिरत होती. ती पुढे धाडणाऱ्यांत केवळ अडाणीच होते, असे कोणी मानू नये.

आणि परक्याकडे बोट दाखविताना पुण्याची आठवण ठेवावी. जानेवारी १९७६ ते मार्च १९७७ या काळात त्या शहरात दहा खून झाले. त्यांतले आठ भरवस्तीतल्या घरांत शिरून केलेले होते. व्याकरणाचे विख्यात पंडित काशीनाथशास्त्री अभ्यंकर आणि त्यांचे कुटुंबीय त्यांत बळी पडले. संध्याकाळ झाली की पुणेकर दारे लावून बसत. मारेकरी निघाले ते शहरातल्याच एका कलामहाविद्यालयाचे विद्यार्थी, ज्यांना कोणीही सहज घरात घेतले असते असे. त्यांना उघडे पाडले ते जमावाने नव्हे. निरनिराळ्या जबान्यांतील विसंगती पोलिसांनी चिकाटीने ताडून पाहिल्या, तेव्हा ते उघडे पडले. चौघांना २७ नोव्हेंबर १९८३ रोजी येरवड्यात फाशी झाली.

यावर कोणी म्हणेल, मग घरधन्याने हात जोडून बसावे काय? मुळीच नाही. सूर्यास्तानंतर घर फोडून आत शिरणाऱ्याशी झुंजताना त्याचा प्राण गेला तरी गृहस्थ दोषी ठरत नाही, इतका विस्तृत अधिकार जुन्या दंडविधानाने दिला होता, आणि १ जुलै २०२४ पासून आलेल्या भारतीय न्याय संहितेनेही तो कायम ठेवला आहे. हा अधिकार उंबरठ्यावरचा व त्या क्षणाचा आहे. दुसऱ्या दिवशी चौकात कोणा वाटसरूला घेरणाऱ्या गर्दीला त्याचा लवलेशही मिळत नाही.

तेव्हा मोर्चा अवश्य न्यावा, पण हातात नेमकी मागणी असावी. सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यात न्यायवैद्यक तज्ज्ञाने घटनास्थळी आलेच पाहिजे, असे नवी नागरिक सुरक्षा संहिता सांगते. मात्र ही तरतूद अमलात आणण्यास राज्यांना पाच वर्षांपर्यंत मुदत दिली आहे. शहाद्यासारख्या तालुक्यातील वस्तीवर हा तज्ज्ञ किती तासांत पोहोचेल, आणि तोवर शंभर बघे घरातून फिरून जाऊ नयेत म्हणून कोण उभे राहील, हे ठाणेदारास विचारावे. गावकऱ्यांनी स्वतःलाही विचारावे. पहाटे धावून येणारे शेजारीच दाराच्या कडीवरचे ठसे पुसून टाकतात. सारंगखेड्याहून पूल ओलांडून निघालेला मनुष्य थोड्याच वेळात धुळे जिल्ह्यात शिरतो, आणि गुजरात व मध्य प्रदेशाच्या सीमाही दूर नाहीत. दरोडेखोर या सीमा तासाभरात ओलांडतो. त्याचे कागद किती दिवसांत ओलांडतात, हेही विचारावे.

आणखी एक. जप्त झालेला ऐवज छायाचित्रे व पंचनामा करून मालकास लवकर परत द्यावा, असे सर्वोच्च न्यायालयाने गुजरातमधील एका खटल्यात २००२ सालीच सांगितले आहे. तरीही चोर सापडून, मुद्देमाल हस्तगत होऊन, ओळख पटून झाल्यावरही मंगळसूत्र मोहोरबंद पाकिटात पडून राहते, आणि ते सोडविण्यासाठी बाई तारखेमागून तारखेला एस. टी.चे तिकीट काढून तालुक्याच्या न्यायालयात जाते. आमच्या जिल्ह्यांतील ठाण्यांच्या आणि न्यायालयांच्या कपाटांत अशी किती पाकिटे आज पडून आहेत, याची यादी सरकारने प्रसिद्ध करावी.