लेणीच्या पायऱ्या, दुखरे गुडघे आणि मापाची काठी

लेणी पाहायला जायची गाडी ठरली की वस्तीतल्या चार-पाच जणी हमखास म्हणतात, "तुम्ही या जाऊन, आमचे गुडघे साथ देत नाहीत." कुणी आलीच तर पायथ्याशी पिशव्या सांभाळत बसते. तेरखेड्यात फटाक्यांच्या कामाला दिवसभर मांडी घालून बसणाऱ्या, ऊसतोडीत मोळ्या वाहिलेल्या बायकांचे गुडघे चाळिशीतच बोलू लागतात. पण माझे मत स्पष्ट आहे. यातल्या पुष्कळ जणी वर जाऊ शकतात. त्यांच्या हातात मापाची काठी हवी.

काठी म्हटले की म्हातारपण आठवते आणि लाज वाटते. बाबासाहेबांची शेवटच्या वर्षांतली छायाचित्रे पाहा, त्यांच्या हातात काठी दिसते. आधार घेण्यात कमीपणा कसला?

गुडघ्याला खरा त्रास चढताना नाही, उतरताना होतो. १९९९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, उतारावर दोन काठ्या वापरल्याने गुडघ्याच्या सांध्यावरचा भार १२ ते २५ टक्क्यांनी कमी झाल्याचे आढळले. धाराशिवची लेणी असो, अजिंठा असो की साडेतीनशेच्या आसपास पायऱ्यांचे कार्ले, हा फरक परतीच्या वाटेवर कळतो.

आता खरेदीचे. दुकानात ट्रेकिंगच्या काठ्या, म्हणजे ट्रेकिंग पोल, दोन प्रकारचे दिसतील. कार्बनचे हलके पण महाग, आणि जोराचा मार बसला तर एकदम तुटतात. अ‍ॅल्युमिनियमचे थोडे जड पण स्वस्त, आणि तुटण्याआधी बहुधा वाकतात. आपल्याला अ‍ॅल्युमिनियम पुरे. आत स्प्रिंग बसवलेल्या काठीसाठी जास्त पैसे मोजू नका. पैसे मोजायचे ते पकडीसाठी आणि खटक्यासाठी. काठी लांब करा, खटका लावा आणि अंगाचा भार टाकून पाहा. जरा जरी आत सरकली तर ती दुकानातच ठेवा. फिरवून आवळायच्या काठीपेक्षा बाहेरून खटका असलेली बरी. ती घट्ट बसली की नाही, हे डोळ्यांना दिसते.

माप सोपे आहे. सपाट जमिनीवर काठी टेकवून मूठ धरली की कोपर काटकोनात यावे. पाच फुटांच्या बाईला साधारण १०० सेंटिमीटर पुरतात. उतरताना ५ ते १० सेंटिमीटर वाढवा, चढताना तेवढीच कमी करा. टोकाला रबरी टोपण हवेच. उघडे धातूचे टोक दगडी पायरीवर घसरते, शिवाय लेणीच्या दगडाला ओरखडे पाडते. तो आपलाच ठेवा आहे.

तेवढे पैसेही नसतील तर वाळलेला, सरळ, न चिरलेला बांबू मापाने कापा आणि मेडिकलमधून रबरी बूच आणून घट्ट बसवा. काम भागते. चार पायांची काठी मात्र नेऊ नका. उंचसखल दगडावर तिचे चारही पाय टेकत नाहीत.

काठी एकच असेल तर दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात धरा. कठडा असेल तर एक हात कठड्यावर, दुसऱ्यात काठी. पायऱ्या चढताना चांगला पाय आधी. उतरताना काठी आणि दुखरा पाय आधी. काठीबरोबर पायातही पाहा. गुळगुळीत तळव्याची चप्पल असेल तर काठी काय करणार? आधी खाचांच्या तळाचे बूट घ्या.

गुडघा सुजलेला असेल, गरम लागत असेल, मध्येच अडकत असेल किंवा चढताना छातीत दुखत असेल, तर काठी हा त्यावरचा इलाज नाही. आधी डॉक्टरांना दाखवा.

प्रत्येकीने काठी विकत घ्यावी असेही नाही. सहलीची वर्गणी काढताना गाडीभाडे आणि जेवण धरतो, तसा एक वाटा काठ्यांचाही धरा. लांबी कमी-जास्त होणाऱ्या पाच-सहा काठ्या विहारात ठेवल्या तर उंच-बुटक्या साऱ्यांना चालतील आणि वर्षानुवर्षे पुरतील. ज्या बायकांनी पै-पै जमवून वस्तीत विहार उभे केले, त्यांनी लेणीच्या पायथ्याशी बसून राहावे, हे मला पटत नाही.