अबलख

नात मोबाईल घेऊन धावत आली. पांढरा घोडा, अंगभर काळे ठिपके. "नानी, ह्याला रंग फासलाय का गं?" आपल्या मालवण पट्ट्यात मुलांना घोडा दिसतो तो वरातीत. तेव्हा तिचा प्रश्न रास्तच होता.

रंग नव्हे, ते ठिपके जन्मजात. दुरंगी घोड्याला आपण अबलख म्हणतो. शब्द अरबी 'अब्लक'वरून आला. गंमत अशी, की अस्सल अरबी घोड्यात असे चित्त्यासारखे ठिपके नसतात. चित्रातला घोडा होता अमेरिकेचा, अप्पालूसा जातीचा. तिकडे घोडे नेले स्पेनच्या लोकांनी. पुढे ते वायव्येकडच्या नेझ पर्स या मूळ रहिवाशांकडे पोहोचले. त्यांनी चपळ, काटक जनावरं निवडून पैदास केली. तिथल्या पलूस नदीवरून जातीला नाव पडलं. ठिपक्यांखेरीज तिच्या तीन खुणा: तोंडाभोवती चट्टे पडलेली कातडी, माणसासारखा दिसणारा डोळ्यातला पांढरा भाग आणि खुरांवर उभ्या रेघा.

१८७७ साली सरकारने या लोकांना त्यांची जमीन सोडायला लावलं. फौज मागे लागली. बायकामुलांसह सुमारे १,९०० किलोमीटर वाट तुडवून, कॅनडाची हद्द जवळ आली असताना, त्यांना शरण जावं लागलं. घोडे गेले, संकर झाला, जात विरत चालली. १९३८ साली काही जणांनी संघ काढून नोंदी सुरू केल्या, म्हणून ती टिकली.

नुसत्या ठिपक्यांना भुलूनही चालत नाही. ठिपक्यांचं जनुक आई आणि बाप दोघांकडून आलं, तर शिंगरू जन्मतः रातांधळं निघतं. एकाकडूनच आलं तर नजर ठीक राहते. म्हणून जाणते लोक जोडी लावण्याआधी तपासणी करतात.

नातीला म्हटलं, ठिपक्यांचा घोडा लांब राहिला, आपल्या जिल्ह्याची कोकण कन्याळ शेळी तरी बघ. काळं अंग, नाकपुडीपासून कानापर्यंत दोन्ही बाजूंनी पांढरा पट्टा. तिची आता देशाच्या जातींमध्ये नोंद आहे. पण जात नुसत्या कागदावर जगत नाही, ती कुणाच्या तरी गोठ्यात जगते. तुमच्या वाडीत कुणाकडे कन्याळ असेल, तर मुलांना जरूर नेऊन दाखवा. आणि ईदचा बोकड घ्यायला निघाल तेव्हा आधी त्याच घरी विचारा. पाळणाऱ्याच्या हाती चार पैसे पडले, तर पुढच्या वर्षीही तो कन्याळच पाळेल.