शस्त्रक्रियेनंतरची मळमळ आणि भूलवायूची निवड

शस्त्रक्रियेचा दिवस ठरला की घरात खर्चाचा अंदाज, विम्याची कागदपत्रे, दुकानाची व्यवस्था यांचा विचार होतो. भूल कोणती दिली जाणार, हा प्रश्न मात्र क्वचितच विचारला जातो. शुद्धीवर आल्यानंतरचे पहिले काही तास कसे जातील, हे बऱ्याच अंशी त्यावरच अवलंबून असते. वारंवार ओकाऱ्या झाल्यास टाक्यांवर ताण येतो, शरीरातील पाणी कमी होते आणि घरी परतणे लांबते.

१६ ऑक्टोबर १८४६ रोजी बोस्टन येथे विल्यम मॉर्टन यांनी ईथरच्या भुलेचे जाहीर प्रात्यक्षिक केले. ईथरने वेदना हरल्या. परंतु नंतरच्या ओकाऱ्यांनी रुग्ण बेजार होत. आजचे सेव्होफ्लुरेन, आयसोफ्लुरेन हे भूलवायू पुष्कळ सौम्य आहेत. तरीही पहिल्या दोन तासांतील मळमळीचे ते प्रमुख कारण असतात. त्यांना नायट्रस ऑक्साइडची जोड दिल्यास, विशेषतः दीर्घ शस्त्रक्रियेत, त्रास वाढतो. शिरेतून दिले जाणारे प्रोपोफॉल मात्र मळमळ कमी करते. पाच हजारांहून अधिक रुग्णांचा एक अभ्यास २००४ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यानुसार भूलवायूऐवजी प्रोपोफॉल वापरल्याने ही जोखीम सुमारे १९ टक्क्यांनी, नायट्रस ऑक्साइड टाळल्याने सुमारे १२ टक्क्यांनी, तर ऑनडॅनसेट्रॉनसारख्या प्रत्येक ओकारीरोधक औषधाने सुमारे २६ टक्क्यांनी घटते.

जोखमीचा अंदाज चार बाबींवरून बांधतात : रुग्ण स्त्री असणे, धूम्रपान न करणे, पूर्वी शस्त्रक्रियेनंतर ओकाऱ्या झालेल्या असणे किंवा प्रवासात गाडी लागणे, आणि नंतर अफूवर्गीय वेदनाशामके द्यावी लागणे. एकही बाब नसल्यास शक्यता सुमारे १० टक्के. एक असल्यास २०, दोन असल्यास ४०, तीन असल्यास ६० आणि चारही असल्यास ८० टक्के. म्हणजे निर्व्यसनी घरातील स्त्रीच्या खात्यावर दोन बाबी आरंभीच जमा असतात. हे धूम्रपानाचे समर्थन नव्हे; त्याची हानी याहून कितीतरी मोठी आहे.

म्हणून शस्त्रक्रियेपूर्वीच्या तपासणीत गाडी लागण्याची सवय आणि मागील भुलेचा अनुभव भूलतज्ज्ञांना आवर्जून सांगावा. केवळ कमरेखालचा भाग बधिर करून काम होईल का, हेही विचारावे. अंतिम निर्णय हृदय, फुप्फुसे व शस्त्रक्रियेचे स्वरूप पाहून भूलतज्ज्ञांनीच घ्यावयाचा असतो. परंतु योग्य निवडीसाठी लागणारी ही माहिती त्यांना रुग्ण आणि त्याचे कुटुंबीयच पुरवू शकतात.