जंगल सगळ्यांचं, मग त्याची किंमत एकट्या धडगाव-तोरणमाळने का मोजायची?

पोस्ट मोठी आहे. पण आपल्या जिल्ह्याच्या हक्काच्या पैशाचा विषय आहे, म्हणून शेवटपर्यंत वाचा.

दर पावसाळ्यात आपल्याकडे दोन बातम्या ठरलेल्या. चांदसैली घाटात दरड कोसळून धडगाव-तळोदा रस्ता बंद. आणि कुठल्यातरी पाड्यावरून गरोदर बाईला बांबूच्या झोळीतून दवाखान्यात आणलं. फोटो फिरतो, वर कुणीतरी 'गंभीर दखल' घेतं, आठ दिवसांत विषय संपतो. रस्ता का नाही विचारलं तर उत्तर मिळतं, "जमीन वनखात्याची आहे." आणि कधी चुकून परवानगी मिळालीच तर दुसरं उत्तर तयार असतं, "निधी नाही."

पहिल्या उत्तरावर आपण खूप भांडतो. मला आज दुसऱ्यावर बोलायचंय.

आधीच सांगून टाकतो, मी "जंगल मोकळं करा" म्हणणाऱ्यांपैकी नाही. सातपुडा बोडका झाला तर नुकसान फक्त डोंगरावरच्यांचं होत नाही. डोंगरात मुरलेलं पाणी गोमाईतून खाली येतं, त्यावर शहाद्याची केळी, पपई आणि ऊस उभा राहतो. १९८० चा वन संवर्धन कायदा असायलाच पाहिजे. माझा प्रश्न एवढाच आहे की जंगल राखायचा फायदा सगळ्यांना आणि राखायचा तोटा फक्त तिथे राहणाऱ्यांना, हा कुठला न्याय?

तोटा कसा, तो साध्या हिशोबाने बघा. सपाटीवरच्या ग्रामपंचायतीला पैसा कुठून येतो? घरपट्टी. बाजारातले गाळे. एखादा कारखाना, पेट्रोल पंप, लॉन्स. शिवारात जमिनीची खरेदी-विक्री झाली की मुद्रांक शुल्कातला वाटा. आता तोरणमाळ घ्या. थंड हवेचं ठिकाण, यशवंत तलाव, सीताखाई, महाशिवरात्रीला गोरक्षनाथाची यात्रा. गर्दी येते, कचरा होतो, पाणी लागतं, रस्ते उखडतात. पण भोवती सगळं राखीव जंगल. तिथे नवीन बांधकाम नाही, जमिनीचा व्यवहार नाही, म्हणजे कर नाही आणि मुद्रांकाचा वाटाही नाही. खर्च हिल स्टेशनचा आणि उत्पन्न पाड्याचं! अक्राणीतल्या बहुतेक ग्रामपंचायतींची यात्रा सोडली तर हीच गत आहे.

बरं, नियम सगळ्यांना सारखा असता तर मन मोठं करून सोसलंही असतं. पण सरदार सरोवरासाठी महाराष्ट्रातलं ६,४८८ हेक्टर जंगल पाण्याखाली द्यायला १९८७ मध्ये केंद्राची मंजुरी मिळाली. आपली ३३ गावं बाधित झाली, २४ अक्राणीतली आणि ९ अक्कलकुव्यातली. धरणाच्या विजेतला २७ टक्के वाटा महाराष्ट्राचा. तेव्हा जंगल आडवं आलं नाही. आरोग्य उपकेंद्र, अंगणवाडी किंवा पाड्याचा रस्ता म्हटला की मात्र ते आडवं येतं. खरं तर २००६ च्या वनहक्क कायद्याच्या कलम ३(२) मध्ये शाळा, दवाखाना, अंगणवाडी, रस्ता, पिण्याचं पाणी, वीज अशा १३ सुविधांसाठी प्रत्येकी एक हेक्टरपेक्षा कमी वनजमीन ग्रामसभेच्या शिफारशीने देता येते. अट एवढीच की हेक्टरी ७५ पेक्षा जास्त झाडं तुटता कामा नयेत. म्हणजे कायद्याने दार उघडं ठेवलंय. आत बांधायला पैसा नाही, ही खरी अडचण आहे.

आता मूळ मुद्द्यावर या. जंगल राखल्याचा पैसा सरकारला मिळतो का? मिळतो!

१४ व्या वित्त आयोगाने केंद्रीय करांतला राज्यांचा वाटा ठरवताना वनक्षेत्राला ७.५ टक्के भार दिला. १५ व्या आयोगाने २०२१ ते २०२६ साठी तो १० टक्के केला. कारण उघड लिहिलेलं आहे, जंगल राखणाऱ्या राज्याला ती जमीन दुसऱ्या कामाला वापरता येत नाही, म्हणून त्याची भरपाई. दिल्लीने महाराष्ट्रासाठी हे तत्त्व मानलं. मग मुंबईने तेच तत्त्व अक्राणीसाठी का मानू नये? राज्याला मोजताना आमचं जंगल धरायचं आणि पैसे वाटताना आम्हाला विसरायचं?

दुसरा पैसा 'कॅम्पा'चा. प्रकल्पासाठी जंगल गेलं की प्रकल्पवाला भरपाई भरतो, तो हा निधी. ऑगस्ट २०१९ मध्ये केंद्राने राज्यांना यातले ४७ हजार कोटींहून जास्त दिले, त्यातले ३,८४४ कोटी महाराष्ट्राचे. हा पैसा वनखात्यामार्फत रोपवन आणि वनसंरक्षणावर खर्च होतो. पंचायतीच्या खात्यात त्यातला ठराविक हिस्सा येईल अशी सोय नाही.

लगेच कुणीतरी म्हणेल, "आदिवासी विकासाचे पैसे येतात की." येतात. पण ते लोकसंख्येवर ठरतात, ते आदिवासी समाजाच्या हक्काचे आहेत. जंगलामुळे बुडालेल्या उत्पन्नाची भरपाई म्हणून ते मोजायचे नाहीत. एका खिशातली नोट दोनदा दाखवू नका.

आणि त्यातली गंमत ऐका. पेसा ग्रामपंचायतींना २०१५ पासून आदिवासी उपयोजनेतला ५ टक्के अबंध निधी थेट मिळतो. ग्रामसभा ठरवेल तिथे खर्च करायचा, ही चांगली योजना आहे. पण ती ग्रामपंचायतीसाठी. धडगाव तालुक्याचं ठिकाण, म्हणून तिथे धडगाव-वडफळ्या-रोषमाळ बुद्रुक नगरपंचायत झाली. डोंगर तोच, माणसं तीच, जंगलही तेच, फक्त पाटी बदलली आणि पेसाचा निधी गेला. अनुसूचित क्षेत्रातल्या शहरांसाठीचं विधेयक २००१ मध्ये राज्यसभेत आलं होतं, त्याचा कायदा आजवर झालेला नाही. गाव म्हणून मिळायचं ते गेलं आणि शहर म्हणून कर गोळा करायला मोकळी जमीन नाही. अशा नगरपंचायतीने दिवाबत्ती, गटारी, पाणी, कचरा कशातून करायचं?

हे जगावेगळं मागणं नाही. ब्राझीलच्या पाराना राज्याने १९९१ मध्ये कायदा करून विक्रीकरातल्या स्थानिक संस्थांच्या वाट्यापैकी ५ टक्के ज्या गावा-शहरांच्या हद्दीत संरक्षित जंगल आणि पाणलोट आहेत त्यांच्यासाठी राखला. अमेरिकेत १९७६ पासून केंद्राच्या करमुक्त जमिनींपोटी तिथल्या काउंट्यांना दरवर्षी भरपाई मिळते. त्यांना जमतं, मग स्वतःला प्रगत म्हणवणाऱ्या महाराष्ट्राला का जमू नये?

मागण्या साध्या आहेत:

१) राज्य वित्त आयोगाने पंचायती आणि नगरपंचायतींचा निधी ठरवताना वनक्षेत्राला वेगळा भार द्यावा. जेवढी जमीन जंगलाखाली अडकली तेवढी भरपाई, दरवर्षी, अबंध.

२) जंगल सुधारलं तर जास्त पैसे. १५ व्या आयोगाच्या सूत्रात फक्त दाट आणि मध्यम दाट जंगल धरलं होतं, आपल्या विरळ डोंगरांना त्यात काही नव्हतं. ज्या ग्रामसभेने डोंगर पुन्हा हिरवा केला तिला त्याचं बक्षीस मिळालंच पाहिजे.

३) अनुसूचित क्षेत्रातल्या नगरपंचायतींना पेसाच्या ५ टक्क्यांइतका निधी द्यावा. धडगावपासून सुरुवात करा.

४) कलम ३(२) खाली मंजूर झालेल्या प्रत्येक कामाला त्याच वर्षी निधी. परवानगीचा कागद फायलीत कुजायला नको.

"पैसे खाऊन टाकतील" म्हणणाऱ्यांनाही उत्तर देतो. खाणारे आहेत, नाकारत नाही. मग हिशोब ग्रामसभेत वाचा, चावडीवर फलक लावा, दोषी असेल त्याला आत टाका. पण घोटाळ्याच्या भीतीने दुसऱ्या कुठल्या तालुक्याचा निधी बंद झालाय का? संशय फक्त आमच्याच वाट्याला का?

आपल्या पुढाऱ्यांनाही एक सांगणं आहे, पक्ष कोणताही असो. निवडणुकीत "जंगलाचा कायदा हटवू" म्हणून टाळ्या घेणं सोपं आहे. तो कायदा हटणार नाही, तुम्हालाही माहिती आहे आणि आम्हालाही. त्यापेक्षा विधानसभेत उभे राहून एक सरळ प्रश्न विचारा: जंगलाच्या नावावर राज्याला जास्तीचे किती मिळाले आणि त्यातले अक्राणी-अक्कलकुव्यात किती आले? उत्तराचा कागद आम्हाला दाखवा. मग मतं मागायला या.

पुढच्या ग्रामसभेत या चार मागण्यांचा ठराव घ्या. नगरपंचायतीतल्या भावांनी आपल्या सभेत घ्या. ठरावाची प्रत तहसील आणि जिल्हाधिकारी कार्यालयात द्या, पोच घ्यायला विसरू नका. जंगल आपण राखतोय, पुढेही राखू. पण फुकट नाही.

पटलं तर शेअर करा. पटलं नाही तर खाली लिहा, मुद्द्यावर बोलू.