अब्रू नेमकी कुणाची गेली?

बातमीतली वाक्यं ठरलेली असतात. ‘तरुणीची अब्रू लुटली.’ ‘घराण्याच्या इभ्रतीला डाग.’ शुद्धलेखन चोख, वाक्य आटोपशीर. फक्त लुटलं कुणी, ते वाक्यात नसतं, आणि ‘ची’ हा प्रत्यय नेमका जिचं काही चुकलेलं नाही तिच्या नावाला चिकटलेला असतो. वऱ्हाडातल्या घराघरांत हेच तोंडी चालतं: ‘पोरीनं तोंड दाखवाले जागा नाही ठेवली.’ पोराबद्दल असं बोललेलं क्वचितच कानावर येतं.

हा प्रत्यय चुकीच्या जागी लागतो, हे पहिल्यांदा खडसावून सांगितलं ते बुलढाण्यातल्याच एका बाईनं. ताराबाई शिंदे. वडील बापूजी हरी शिंदे डेप्युटी कमिशनरच्या कचेरीत हेडक्लार्क, विचारानं सत्यशोधक. त्यांनी लेकीला मराठी, संस्कृत आणि इंग्रजी शिकवलं. 1881 मध्ये सुरतेकडच्या विजयालक्ष्मी नावाच्या तरुण ब्राह्मण विधवेवर खटला झाला. लोकलाजेपायी तिनं आपलं नवजात मूल मारलं होतं. तिला फाशीची शिक्षा झाली. पुढे अपिलात ती काळ्या पाण्यावर आली. विधवाविवाहाचा कायदा होऊन तेव्हा 25 वर्षं झाली होती, पण तो कागदावरच राहिला होता. वर्तमानपत्रांना तर रानच मोकळं मिळालं. एका विजयालक्ष्मीच्या निमित्तानं समस्त बायकांच्या चालचलणुकीवर रकाने भरले गेले.

ताराबाईंनी उत्तर दिलं ते ‘स्त्रीपुरुषतुलना’ या निबंधानं. तो 1882 मध्ये पुण्याच्या श्री शिवाजी छापखान्यात छापला गेला. पानं पन्नासेक, प्रती 500, किंमत नऊ आणे. पुस्तकाचं लांबलचक नावच प्रश्न विचारतं, की स्त्रिया आणि पुरुष यांत साहसी कोण? आज ‘साहस’ म्हटलं की गड चढणारी पोरं आठवतात. तेव्हा या शब्दाला अविचारी, बेधडक दुष्कृत्याचा वास होता. बायका साहसी, असं सगळे म्हणत होते. ताराबाईंनी त्या विधानापुढे ‘कोण’ ठेवला आणि पुरुषांची यादीच काढली: बायकोमागून दुसरी आणणारे, विधवेला फसवून नामानिराळे होणारे, वर धर्म सांगणारे. भाषा रोखठोक आणि घरगुती. वाचताना परसदारी पदर खोचून उभी राहिलेली बाई डोळ्यांपुढे येते.

मराठीत अब्रूचे दोन हिशेब आहेत, ही खरी गोम. कुणी बदनामी केली की पुढारी ताठ मानेनं अब्रुनुकसानीचा दावा ठोकतो, पत्रकार परिषद घेतो, भरपाईचा आकडाही सांगतो. म्हणजे त्याची अब्रू गेली तरी वसूल होते. बाईची मात्र एकदा ‘लुटली’ की संपलं. दावा तर सोडाच, तिनंच तोंड लपवायचं. भारतीय न्याय संहिता 1 जुलै 2024 पासून लागू झाली. कलमांचे आकडे बदलले, 354 चं 74 झालं, पण ‘विनयभंग’ हा शब्द जुन्या घरातून नव्या घरात जसाच्या तसा आला. त्याआधी ऑगस्ट 2023 मध्ये सर्वोच्च न्यायालयानं न्यायाधीशांसाठी एक पुस्तिका काढली आणि स्त्रियांबद्दलचे कोणते शब्द टाळावेत, त्यांऐवजी कोणते वापरावेत, हे सांगितलं. मराठी वृत्तसंपादकांनी ती चाळायला हरकत नाही.

शब्द वाईट नाही, तो लावण्याची जागा वाईट. खामगावच्या बाजारात शेतकऱ्याचे पैसे बुडवून पसार झालेल्या व्यापाऱ्याबद्दल ‘त्याची बेअब्रू झाली’ हे वाक्य बरोबर. सोयाबीनचा भाव पडला, हप्ता थकला, दारावर जप्तीची नोटीस लागली. त्या शेतकऱ्यावर ‘नामुष्की ओढवली’ हे वाक्य चूक. नामुष्की असलीच तर भाव पाडणाऱ्यांची. आणि छेड काढणारा पोरगा पकडला गेला, तर अब्रू गेली ती त्याच्या घराची. असं छापून बघावं एकदा. पोराच्या बापाचा फोन कचेरीत यायला वेळ लागणार नाही.

ताराबाईंनाही असेच फोन आले असते, त्या काळी यंत्र घरोघरी नव्हतं इतकंच. त्यांची टवाळी झाली. 1885 मध्ये जोतीराव फुल्यांनी ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकात त्यांची बाजू घेतली. तरी ताराबाईंचं दुसरं पुस्तक आलं नाही, आणि हे पहिलंही विस्मरणात गेलं. ते पुन्हा छापून वाचकांपुढे आणलं स. गं. मालशे यांनी, 1975 मध्ये. रोझलिंड ओ’हॅनलन यांनी 1994 मध्ये त्याचं इंग्रजी भाषांतर केलं, म्हणजे परदेशी विद्यापीठांत बुलढाण्याचं नाव पोचलं ते या बाईमुळे. सिंदखेडराजाला 12 जानेवारीला जिजाऊंसाठी लोटणारी गर्दी जिल्ह्याला शोभतेच. ताराबाईंसाठी एवढं नको. जिल्ह्यातल्या प्रत्येक महाविद्यालयाच्या ग्रंथालयानं ‘स्त्रीपुरुषतुलना’च्या चार प्रती घ्याव्यात, आणि त्यातली एक गावातल्या वार्ताहराला वाचायला द्यावी.