मुलगा सज्ञान, उत्पन्न मात्र बापाचे

एक घर डोळ्यांसमोर आणा. वडील छोट्या कारखान्यात, पगार महिन्याला दहा हजार. आई घरीच. बावीस वर्षांची अविवाहित मुलगी आणि चोवीस वर्षांचा मुलगा. मुलाला बौद्धिक अक्षमता आहे, दाखल्यावर 75 टक्के लिहिलेले. असे घर महाराष्ट्रातल्या कुठल्याही तालुक्यात सापडेल. ‘मुख्यमंत्री माझी लाडकी बहीण’ योजनेत कुटुंबाच्या उत्पन्नाची मर्यादा वर्षाला अडीच लाख, त्यामुळे आई आणि मुलगी दोघी दरमहा 1,500 रुपयांना पात्र ठरतात. त्यात वावगे काहीच नाही. पण त्याच घरातल्या मुलाचा अर्ज तहसील कचेरीतल्या संजय गांधी शाखेतून परत येतो. संजय गांधी निराधार अनुदान योजनेत दिव्यांगांसाठी कुटुंबाच्या वार्षिक उत्पन्नाची मर्यादा आहे 50 हजार रुपये.

50 हजार म्हणजे अख्ख्या घराचे दिवसाला 137 रुपये. रोजगार हमीचा राज्यातला दर 2025-26 साली दिवसाला 312 रुपये होता. त्या दराने घरातल्या एकाच माणसाने वर्षात 161 दिवस काम केले, की ही मर्यादा ओलांडली जाते.

सप्टेंबर 2025 मध्ये राज्य सरकारने दिव्यांगांचे अनुदान 1,500 वरून 2,500 रुपये केले. चांगला निर्णय. त्याआधी जूनमध्ये प्रहार संघटनेचे नेते बच्चू कडू यांनी गुरुकुंज मोझरीला अन्नत्याग केला, तेव्हा त्यांची मागणी महिना सहा हजारांची होती. चर्चा झाली ती अशी रकमेचीच. ती कोणाला मिळते हा प्रश्न मागेच राहिला. अठरा वर्षे पूर्ण झालेल्या मुलाचे उत्पन्न म्हणून बापाचा पगार का मोजायचा?

बाकी सगळीकडे सरकार त्याला सज्ञान मानते. मतदार यादीत त्याचे नाव येते. बँकेतले अज्ञान खाते सज्ञान खात्यात बदलावे लागते आणि काउंटरवरचा कर्मचारी अर्ज पुढे सरकवतो, “सही त्याचीच लागेल.” आई त्याच्या हाताला धरून कागदावर टेकवते. पेन घसरते, रेघ चौकटीबाहेर जाते, मागे रांग खोळंबते. आजवर आईची सही चालत होती, आता चालत नाही, कारण अठराव्या वर्षी आईबाप कायद्याने आपोआप पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांसाठी 1999 च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील स्थानिक स्तर समितीकडे अर्ज करून पालकत्वाचे प्रमाणपत्र घ्यावे लागते. ते बँकांनी मान्य करावे, असे रिझर्व्ह बँकेने सांगून ठेवले आहे. ही गोष्ट शाखेतल्या माणसाला माहीत असेलच याची खात्री नाही, म्हणून त्या परिपत्रकाची प्रत सोबत ठेवलेली बरी. स्किझोफ्रेनियासारखा मानसिक आजार असलेल्यांना तर या समितीचा दरवाजाही उघडा नाही.

दाखल्याचेही तसेच. बौद्धिक अक्षमतेचे प्रमाणपत्र वयाच्या पाचव्या, दहाव्या आणि अठराव्या वर्षी नव्याने काढावे लागते. अठराव्या वर्षी मिळालेले मग आयुष्यभर चालते. म्हणजे पुन्हा स्वावलंबन पोर्टलवर अर्ज, पुन्हा सिव्हिलच्या चकरा, पुन्हा बोर्ड बसण्याच्या वाराची वाट. बुद्ध्यांकाच्या चाचणीबरोबर तिथे रोजच्या जगण्यातली कौशल्येही तपासतात. बटणे लावता येतात का? एकटा दुकानात जातो का? सुटे पैसे मोजून घेतो का? ज्या आईने वर्षानुवर्षे नातेवाइकांना “आमचा आता बरंच करतो” असे सांगितले, तिला इथे त्याला काय जमत नाही ते मोजून सांगावे लागते, तेही त्याच्यासमोर. शाळेचे जुने अहवाल, औषधोपचाराची कागदपत्रे, दिवसभरात कुठे कुठे मदत लागते याचे लेखी टिपण असे काही हाताशी असले, तर ते तोंडाने बोलण्याचा भार थोडा हलका होतो. पालकांनी ही तयारी मुलाच्या सतराव्या वर्षीच सुरू करावी.

यातून टक्के ठरतात. सौम्य अक्षमतेला 50, मध्यमला 75, तीव्रला 90. आता केंद्राच्या इंदिरा गांधी दिव्यांग निवृत्तिवेतन योजनेची अट पाहा. दारिद्र्यरेषेखालचे कुटुंब आणि किमान 80 टक्के दिव्यांगत्व. ज्याला शंभराची नोट आणि दहाची नोट यातला फरक कळत नाही, असा 75 टक्केवाला तरुण पाच टक्क्यांनी बाहेर राहतो. केंद्राचा वाटा महिन्याला 300 रुपयांचा आहे.

एवढे सगळे पार करून माणूस पोहोचतो तो उत्पन्नाच्या दाखल्यापाशी. इथे खरे बोलणाऱ्याची पंचाईत होते. “पन्नासच्या आतला दाखला आणा,” असे खिडकीवर सांगितले जाते आणि ज्याचे उत्पन्न लाखभर आहे तो तलाठ्याच्या मागे लागतो, नाहीतर दलाल गाठतो. ज्याला खोटे जमत नाही त्याचा अर्ज नामंजूर. ज्याला जमते तो आयुष्यभर चौकशीच्या धास्तीत. मर्यादा इतकी खाली ठेवून सरकारने गरीब, प्रामाणिक आईबापांना कागदावर खोटे लिहायला भाग पाडले आहे. याची लाज त्या आईबापांना नव्हे, व्यवस्थेला वाटली पाहिजे.

मुलाचे स्वतःचे उत्पन्न पाहण्याची पद्धत सरकारला नवी आहे, असेही नाही. केंद्र सरकारी कर्मचाऱ्याच्या दिव्यांग अपत्याला आईवडिलांच्या पश्चात आजन्म कुटुंब निवृत्तिवेतन मिळते. 2021 मध्ये केंद्राने त्याचा निकष सैल केला. अपत्याचे अन्य मार्गाने मिळणारे उत्पन्न कुटुंब निवृत्तिवेतनापेक्षा कमी असले, की ते पात्र. (नोकरीत असलेल्या पालकांनी अशा मुलाचे नाव आणि प्रमाणपत्र सेवाकाळातच कार्यालयीन नोंदीत घालून घ्यावे. निवृत्तीनंतर किंवा मृत्यूनंतर हे काम फार जड जाते.) सरकारी नोकराच्या मुलाला जो न्याय, तो कारखान्यातल्या हंगामी कामगाराच्या मुलाला का नाही? अमेरिकेतही एसएसआय या मदतीसाठी मूल अठरा वर्षांचे होईपर्यंतच आईवडिलांचे उत्पन्न धरतात, नंतर त्याचे स्वतःचे.

2016 च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्याचे 24 वे कलम निवृत्तिवेतनाला उत्पन्नाची मर्यादा घालायची मुभा देते, हे खरे. पण ते उत्पन्न बापाचे धरा, असे त्यात म्हटलेले नाही. उलट अशा योजनांतली मदत इतरांच्या तुलनेत किमान 25 टक्के जास्त असावी आणि ज्यांना मोठ्या आधाराची गरज आहे त्यांच्यासाठी काळजीवाहकाचा भत्ता असावा, हे त्याच कलमात आहे.

तिजोरीवर भार पडेल, बंगलेवाल्याचा मुलगाही रांगेत येईल, हा आक्षेप येणारच. त्यावर उपाय लाडकी बहीण योजनेतच आहे. आयकर भरणारी कुटुंबे तिथे वगळली जातात, तीच अट इथे लावा. 2011 च्या जनगणनेत राज्यात 29 लाख 63 हजार दिव्यांगांची नोंद झाली. तेव्हा आठच प्रकार मोजले होते, कायद्यात आता 21 आहेत. सगळेच मदतीला पात्र नसतील. पण ज्यांना कमावता येत नाही, ज्यांचा चहाचा कप दुसऱ्याने ओठाला लावावा लागतो, त्यांची संख्या काढणे राज्याला अशक्य नाही, कारण युडीआयडी या दिव्यांग ओळखपत्राच्या नोंदी सरकारच्याच संगणकात आहेत.

आजच्या नियमाचा हिशेब सरळ आहे. वडील कमावते आहेत तोवर मुलगा अपात्र. वडील गेले, पगार थांबला, की तो पात्र. म्हणजे दाखले गोळा करणारा, आधार बँकेला जोडून घेणारा, दरवर्षी हयातीचा दाखला देणारा माणूस घरात उरत नाही, तेव्हा अर्ज करायचा. हे बदलायला नवा कायदा लागत नाही. दिव्यांगांचे अनुदान वाढवण्याचा निर्णय मंत्रिमंडळाच्या एका बैठकीत झाला. अठरा वर्षांवरील दिव्यांगाचे स्वतःचेच उत्पन्न धरावे, एवढे एक वाक्य घालणारा शासन निर्णयही तसाच काढता येईल. राज्याने 2022 मध्ये स्वतंत्र दिव्यांग कल्याण विभाग स्थापन केला आहे. त्या शासन निर्णयाचा मसुदा या विभागाने सामाजिक न्याय विभागासमोर ठेवावा आणि येत्या अर्थसंकल्पाच्या आत ठेवावा.