इंचाला एक मैल

गेल्या रविवारी अण्णांनी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावांनी, ट्रंकेतून एक गुंडाळी काढून दिली. "घे, तुझ्या हॉलात लाव." सर्व्हे ऑफ इंडियाचा जुना टोपोशीट! नंबर ४७ एलमधला. स्केल इंचाला एक मैल, उंची फुटांत, म्हणजे मेट्रिकच्या आधीचा ऐवज. घड्यांवर पार विरलेला. इंटिरिअरवाल्यांच्या भाषेत एकदम ‘व्हिंटेज’. मी लगेच फ्रेमचा रंगसुद्धा ठरवला.

मग बसलो प्रयाग चिखलीचा संगम शोधत. शाळेत काय घोकलं होतं? कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती आणि गुप्त सरस्वती मिळून पंचगंगा. नकाशावर चिखलीपाशी मात्र दोनच नद्या भेटतात, भोगावती आणि कासारी. तुळशी आणि कुंभी वरच्या अंगालाच भोगावतीत शिरलेल्या. सरस्वती तर सर्व्हेवाल्यांनाही गावली नाही!

खरी गंमत तपकिरी रेघांची. रेघा जवळजवळ आल्या की चढ उभा, लांब गेल्या की जमीन सपाट. डोंगराकडं त्यांची नुसती दाटी आणि संगमाभोवती जवळपास मोकळा कागद. सह्याद्रीतनं जोरात आलेलं पाणी इथं येऊन सुस्तावतं आणि जागा मिळेल तिकडं पसरतं. ऑगस्ट २०१९ मध्ये राजाराम बंधाऱ्यावर पातळी ५५ फुटांच्या वर गेली होती. धोक्याची पातळी ४३. चिखली-आंबेवाडीतून माणसं बोटीनं काढावी लागली. २०२१ मध्ये पुन्हा तेच.

तेवढ्यात आमची एक मैत्रीण आली. हातात ब्रोशर, ‘रिव्हर व्ह्यू’, टू बीएचके, शनिवारी टोकन द्यायचं. म्हटलं, दाव बरं तुझी बिल्डिंग कुठंय. तिनं बोट ठेवलं. बोटाखाली एक बारीक निळी रेघ, थेट नदीला मिळणारी. आजूबाजूला तपकिरी रेघ एकही नाही.

"हा नाला आता कुठाय?"

"साइटवर तर दिसला नाही बाई."

दिसला नाही म्हणजे गेला असं नाही ना! पंचगंगा चढली की नाले उलटे वाहतात, जयंती नाल्याकाठच्या कुणालाही विचारा. बिल्डर म्हणतो, प्लिंथ उंच घेतलीय. असेलही. पण गाडी कुठं लावणार, दूधवाला कुठनं येणार?

ती दहा मिनिटं गप्प होती. नवरा म्हणतोय, एवढा व्ह्यू पुन्हा मिळायचा नाही.

फ्रेमवाल्याकडं काही नकाशा गेला नाही. शनिवारी टोकनच्या आधी ती तो साइटवर घेऊन जाणार आहे, सासऱ्यांना सोबत घेऊन. सासरे पाटबंधारेतून रिटायर झालेत, हे तिला आत्ता आठवलं!